दुपट्याला आता वास नाही

आई,

हे तुलाच लिहितेय. पण लिहायला बसले आणि सभेत उभं राहिल्यासारखा सवयीनं हात वर गेला, तेव्हा आधी तुझ्यासारख्या सगळ्या जणींना हाक मारून घेते. मंगळवार पेठेतल्या, उचगावातल्या, इचलकरंजीच्या मागांच्या खडखडाटात संसार केलेल्या बायांनो, आपली तक्रार एकच आहे. घर स्वच्छ ठेवायचं काम जन्मभरासाठी आपल्या गळ्यात पडलं. त्यासाठी ज्या बाटल्या, पुड्या, गोळ्या आपल्या हातात दिल्या, त्यांत काय आहे हे सांगायची तसदी मात्र कुणी घेतली नाही. फरशी चमकली नाही तर बोल आपल्याला, आणि मूल आजारी पडलं तरी बोल आपल्यालाच. ही तक्रार मी कित्येक वर्षं माईकसमोर घसा ताणून मांडतेय. आज मला तुझ्याशी हळू बोलायचंय, कारण जे सांगायचं ते मोठ्यानं सांगण्यासारखं नाही.

मंगळवार पेठेतल्या आपल्या दोन खोल्या डोळे मिटले तरी मला नाकानं सापडतात. दारात फिनेलचा वास. आत मोरीशी ॲसिडचा, घशाला झोंबणारा. कॉटखालची काळी ट्रंक ओढली की डांबर गोळ्यांचा थंड, पांढरा वास भक्कन तोंडावर येतो, आणि मग तू येतेस. तुझा पदर, तुझ्या शिलाई मशीनचं तेल, तुझ्या बोटातलं शिवणाचं अंगठीवजा टोपण, सगळं त्या वासाच्या मागून येतं. शेजारच्या काकू एकदा नाक मुरडून म्हणाल्या होत्या, "तुमच्यात शिरलं की दवाखान्यात आल्यागत वाटतंय बघा." तुला ती शाबासकी वाटली होती. संध्याकाळी बाबा आल्यावर तू त्यांना ते दोनदा सांगितलंस. "दवाखान्यागत, म्हनल्या. आता बोला."

तुझं हे वेड कुठून आलं ते मला माहीत आहे, कारण तूच सांगायचीस, मशीन चालवता चालवता. तू शेणानं सारवलेल्या जमिनीवर वाढलीस, भिंतीत ढेकूण, वळकटीत पिसवा. लग्नात तुला एकच चांगला शालू मिळाला होता. तो तू जिवापलीकडे जपलास, कुणाच्या लग्नातसुद्धा नेसली नाहीस, आणि एका दिवाळीला उघडून बघतेस तर कसर लागून त्याची चाळण झालेली. घडी उलगडली तसा जरीचा काठ तेवढा हातात आला. तू रडलीस आणि उठून तडक दुकानात गेलीस. त्या दिवसापासून आपल्या घरात डांबर गोळ्यांवाचून कपड्याची घडी पडली नाही. ट्रंकेत, कपाटात, वाकळांच्या थप्पीत, मोरीच्या जाळीवर, सगळीकडे त्या पांढऱ्या गोळ्या. दरवर्षी घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं धुणं निघायचं. अंथरूण-पांघरुणाची गाठोडी बांधून आपण पंचगंगेवर जायचो, आणि वाळून आलेल्या घड्या परत ट्रंकेत जाताना तू पुरणात वेलदोडा टाकावा तशा हलक्या हातानं मध्ये मध्ये गोळ्या पेरायचीस.

त्यातली एक मी खाल्ली होती, आठवतं? पेपरमिंट समजून तोंडात टाकलेली. तू मशीनवरून उठलीस ती अशी उठलीस की स्टूल पडलं. आधी माझ्या घशात दोन बोटं घातलीस, मग गालफडात मारलीस, मग मला मांडीवर घेऊन तोंड धूत बसलीस, धूत बसलीस. "इख हाय ते, इख! पोटात गेलं आसतं म्हंजे काय केलं आसतं मी?" त्यानंतर मी गोळीला हात लावला नाही. पण बघ आई, आपण किती साधी वाटणी केली होती. खाल्लं तर विष, हुंगलं तर स्वच्छता. विष तोंडातूनच आत जातं असं तुलाही वाटत होतं आणि मलाही. श्वासातून, कातडीतून ते येतं हे कुठल्याच पुड्यावर मराठीत लिहिलेलं नव्हतं. आणि लिहिलं असतं तरी मुंगीएवढ्या अक्षरात, तुझ्या चष्म्याला न दिसणाऱ्या.

मोठी झाले, पुस्तकं वाचली, नदीच्या काळ्या पाण्यावर बोलायला लागले. रंकाळ्याच्या काठावरच्या माझ्या पहिल्या सभेला तू आली होतीस, मागे उभी होतीस. घरी आल्यावर म्हणालीस, "लई गाजलीस. नदी धुशील, तळं धुशील. आता मोरी कोन धुनार ते सांग." आणि ॲसिडची बाटली माझ्या हातात दिलीस. मी हसत हसत मोरी घासली, खोकत खोकत बाहेर आले, आणि आपण दोघींनी चहा घेतला. त्या चहाची चव अजून जिभेवर आहे, गुळाचा असायचा. तेव्हा तू गूळ खायचीस.

मग माझी मुलगी जन्मली.

बारसं होईपर्यंत बाळाला नवं कापड घालायचं नाही, ही आपली रीत. तान्ह्या अंगाला जुनं, मऊ, घरातल्या माणसांनी वापरून मुरलेलंच कापड हवं. तू किती महिने आधी तयारीला लागली होतीस. तुझ्या जुन्या इरकली साड्यांची दुपटी शिवलीस, काठ आतल्या बाजूला दुमडून, बाळाला टोचू नये म्हणून. इचलकरंजीहून मावशीनं कटपीस आणलेले, पण ते तू बारशानंतरसाठी ठेवलेस. आधी जुनं. सगळं धुऊन, वाळवून, घड्या घालून ट्रंकेत, आणि माझ्या बाळाच्या कपड्यांना कसर लागू नये म्हणून गोळ्या रोजच्यापेक्षा जास्त. मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा तू सकाळी बाळाला तेलानं चोळायचीस, न्हाऊ घालायचीस, परत तेलाचा हात फिरवायचीस आणि ट्रंकेतून काढलेल्या ताज्या दुपट्यात गच्च गुंडाळायचीस. खोलीभर तुझा वास.

दोन-तीन दिवसांत पोर पिवळी पडली. साधी पिवळी नव्हे, हळकुंडासारखी. दूध ओढेना, रडेना. परत दवाखाना गाठला, तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं, आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून तिचं रक्त बदललं. कारण काय ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. काही बाळांचं रक्त फुटतं, म्हणाले. तू रोज घरून ताजी दुपटी आणायचीस, पिशवी छातीशी धरून. नर्सबाई ती आत घेत नव्हत्या. दिव्याखाली बाळ उघडंच ठेवायचं आणि खाली दवाखान्याचं फडकं. तू बाहेरच्या बाकावर बसून धुमसत होतीस. "घरात एवढी कापडं आसून माझं नातवंड दवाखान्याच्या फडक्यावर? काय म्हनायचं ह्येला?" त्या फडक्यावरच ती सुधारली, आई. तू अंबाबाईला गूळ सोडलास. पोर वाचली तर मरेपर्यंत गूळ तोंडात घालणार नाही म्हणालीस. कोल्हापुरात राहून गूळ सोडायचा! उचगावच्या पाहुण्यांच्या गुऱ्हाळातून दर हंगामात ढेप यायची, तू स्वतः फोडून सगळ्यांना वाटायचीस, आणि बोटाला चिकटलेला कणसुद्धा नळाखाली धुऊन टाकायचीस. ते धुणं बघताना आम्ही तुझी थट्टा करायचो.

पोर शाळेत असताना तू गेलीस. जायच्या आधी ट्रंक परत भरून ठेवली होतीस. "हिच्या बाळाला व्हतील," म्हणालीस. त्या दिवसापासून ट्रंक माझ्याकडे. घर बदललं, फिनेल सुटलं, मोरी मी सोड्यानं आणि काथ्यानं घासायला लागले, ॲसिडविरुद्ध तर मी तालुक्या-तालुक्यातून बोललेय. पण ट्रंकेला मी हात लावला नाही. दर नवरात्राआधी झाकण उघडायचं, विरून गेलेल्या गोळ्यांच्या जागी नव्या टाकायच्या, तोंड आत घालून एक मोठा श्वास घ्यायचा आणि झाकण बंद करायचं. माझ्या लेखी तो तुझ्या श्राद्धाचा दिवस होता.

आता ती पोर बाळंतपणाला माझ्याकडे आली आहे. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तिच्याच वयाच्या. जन्मल्यावर रक्त बदललं होतं हे ऐकल्यावर त्यांनी एक तपासणी करून घेतली. तिच्या रक्तात जन्मापासून एक कमतरता आहे म्हणाल्या. एरवी जाणवणार नाही, पण काही औषधं, काही रसायनं त्या रक्ताला सोसत नाहीत. ती कमतरता बाळातही उतरू शकते. मग सहज विचारल्यासारखं मला विचारलं, "काकू, तुमच्या घरी डांबर गोळ्या वापरायच्या?"

मी अभिमानानं म्हणाले, "वापरायच्या म्हणजे? आमच्या आईचं घर तुम्ही बघायला हवं होतं."

"बाळाच्या कपड्यांत पण?"

मी हो म्हणाले, आणि त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी समजावलं. गोळीची वाफ होते, ती कापडात मुरते, श्वासातून आणि कातडीतून आत जाते. अंगाला तेल असेल तर जास्त शिरते. तान्ह्या बाळाला ते झेपत नाही, आणि रक्तात अशी कमतरता असेल तर जिवावर बेततं. "त्या वेळी हेच झालं असं आज कुणी छातीठोक सांगू शकणार नाही," असंही म्हणाल्या. भल्या आहेत. माझ्याकडे बघून म्हणाल्या असाव्यात. पण मला बाकावर बसलेली तू दिसत होतीस, छातीशी पिशवी धरलेली, आणि दार न उघडणाऱ्या नर्सबाई.

दुसऱ्या दिवशी इचलकरंजीहून मावशी आली. थकली आहे, पण जीभ तशीच. मी ट्रंक गच्चीवर नेऊन उघडली होती, नाकाला पदर बांधून. पोरीला खालीच थांबवलं होतं, ती जिन्याच्या दारात लांब उभी. मावशीनं माझा अवतार बघितला.

"आगं ए भाषणवाली, दरोडा घालाय निघालीस व्हय?"

"मावशी, ह्या कपड्यांतला वास बाळाला सोसायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डाक्टर काल जल्माला आली. आमी समदी ह्याच वासात वाढलो. मेलो का?"

"तू नाही मेलीस मावशीआज्जी," जिन्यातून पोर म्हणाली. "मी मरता मरता वाचले."

मावशीच्या हातातला पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. ती त्या वेळी दवाखान्यात होती, त्याच बाकावर, तुझ्या शेजारी. तिला सगळं एकदम कळलं असावं. ती ट्रंकेकडे बघत राहिली. "म्हंजे आक्काच्या हातानं..." एवढंच बोलली. मी म्हणाले, "तसं म्हणू नको." माझा आवाज चढला होता. मी ओरडले, आई, सभेत विरोधकावर ओरडावं तशी त्या म्हातारीवर. मग पोर दोन पायऱ्या वर आली आणि म्हणाली, "आज्जीनं मला ऊब मिळावी म्हणून गुंडाळलं होतं. माझ्या बाळाला तिचंच दुपटं पाहिजे. पण धुऊन."

तुझ्या हातचं एकच दुपटं आम्ही निवडलं, हिरव्या इरकलीचं. गोळ्या सगळ्या वेचून बरणीत घट्ट बंद केल्या आणि घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळ्या दिल्या, गटारात काही जाऊ दिलं नाही. बाकीचे कपडे उन्हात पसरले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, गरम पाण्यात साबणानं परत परत धुवा, कडक उन्हात वाळवा, आणि वासाचा अंश जरी राहिला तरी बाळाजवळ नेऊ नका. पण वास गेला की नाही हे ठरवायचं कुणी? माझ्या नाकावर माझा भरवसा नव्हता, ते दिवसरात्र तुलाच शोधत असतं. पोरीनं हुंगायचं नव्हतं. मावशी म्हणाली, "मी हाय की." आणि परत जायचं सोडून इथंच राहिली.

मग रोज सकाळी मी दुपटं उकळत्या पाण्यात टाकायची, चोळायची, गच्चीवर उन्हात घालायची. दुपारी मावशी जिना चढून यायची, दुपटं उचलून नाकाशी धरायची आणि निकाल द्यायची.

"हाय आजून."

"इतकं धुतलं तरी?"

"मग मी काय खोटं सांगतो व्हय? नाक हाय का भोपळा?"

परत पाणी, परत ऊन. तुझ्या इरकलीचा रंग प्रत्येक धुण्याला थोडा उतरत होता, हिरव्याचा पोपटी, पोपटीचा राख कालवल्यासारखा. काठाचा टाका मात्र एक सुटला नाही. मी तो रोज बोटानं तपासायची. आणि रोज वाटायचं, ह्या पाण्याबरोबर मी तुलाच सांडतेय. माझ्याकडे तुझा आवाज नाही, तेव्हा कुणी रेकॉर्ड केला नाही. फोटो आहेत, पण फोटोत तू कधीच तुझ्यासारखी दिसली नाहीस, घाबरून ताठ बसायचीस. तुझं म्हणून एवढंच उरलं होतं, आणि ते विष निघालं. मी दुसऱ्यांना किती सोपं करून सांगत आले की टाकून द्या, फेकून द्या, घराबाहेर काढा. काय काय काढायला सांगत होते मी त्यांना, आता कळलं. ज्या बाईला मी सांगते तिच्याही ट्रंकेत कुणाची तरी आई असते.

परवा दुपारी मावशीनं दुपटं उचललं. नाकाशी नेलं. मी विचारलं, "आहे का अजून?" तिनं आख्खं तोंड त्यात बुडवलं आणि तशीच उभी राहिली. मग मान हलवली.

"न्हाय आता."

मला आनंदानं हसू आलं. तिनं दुपटं खाली घेतलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. "आक्का गेली की गं," ती म्हणाली. "आता खरीच गेली."

आम्ही दोघी उन्हात बसलो. पोर पेढे घेऊन जिन्याच्या दारात आली आणि आमच्या अंगावर ओरडली, एवढ्या उन्हात कशाला बसलाय म्हणून. तिचा आवाज अगदी तुझ्यासारखा आहे, आई. मला हे आजवर कधी जाणवलंच नव्हतं.

दुपटं आता खिडकीशेजारी दोरीवर आहे. बाळ कधीही येईल. घरात कसलाही वास नाही, नुसती उन्हाची ऊब आणि साबणाचा हलका स्पर्श. कपाटात कडुलिंबाचा सुकवलेला पाला आहे, आणि महिन्या-महिन्याला सगळे कपडे उन्हात घालायचे असं ठरवलंय. कसर लागली तर लागली. कापड परत शिवता येतं.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवायचा पत्ता नाही हे आहेच, पण असता तरी मी ते फाडून टाकलं असतं. तू गूळ सोडलास तेव्हा पोर देवीनं वाचवली असं समजून सोडलास. त्याच समजुतीत राहा. त्या बाकावर तू पिशवीत काय घेऊन बसली होतीस ते तुला कळता कामा नये. ते फक्त प्रेम होतं. त्यात जे मिसळलं होतं ते विकणाऱ्यांचं पाप, तुझं नव्हे.

आणि एक कबूल करते. रिकामी ट्रंक गच्चीवर उलटी घातली आहे, भंगारवाला यायचा आहे. काल सगळी खाली असताना मी ती हळूच सरळ केली, झाकण उघडलं आणि आत डोकं घातलं. अजून आहेस तू तिथं. एक श्वास घेतला, खोकला आला, आणि मी झाकण लावलं.

उद्या उचगावात बायांचा मेळावा आहे. तुझी गोष्ट मी तिथं सांगणार नाही, माझा आवाज टिकायचा नाही. एवढंच सांगेन: बायांनो, ज्यांच्या घरात पाळणा हलणार आहे त्यांनी आज घरी गेल्या गेल्या ट्रंक उघडा, डांबर गोळ्या काढून टाका, आणि बाळाचं प्रत्येक कापड वास जाईपर्यंत धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय त्याच्या अंगाला लावू नका.